नाईबुवांचं आख्यान

“करंजखेड्याला उतरणाऱ्या सर्व प्रवासी बंधुभगिनींनी आपलं सामान, आपली लेकरं आणि आपल्या वहाणा सांभाळून उतरावं होऽऽ,” असं मी माइकवर म्हटलं आणि कंट्रोल रूमच्या खिडकीतून पाहिलं. नाशिकच्या गाडीतून आधी पेटी उतरली, मग तबला-डग्गा, मग ते सांभाळणारे दोन साथीदार आणि शेवटी नऊवारीतल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या ह.भ.प. रेवाताई जामखेडकर. त्या सरळ माझ्या खिडकीपाशी आल्या.

“घोषणा तुम्ही केलीत?”

“हो.”

“यमनात होती. शेवटचा ‘हो’ जरा घसरला.”

मी लाजलो. तेव्हा मी एस.टी.त कंट्रोलर होतो. पण खरा जीव कीर्तनात. पंचक्रोशीत कुठं कीर्तन असलं की ड्यूटी बदलून घ्यायची आणि पुढच्या रांगेत जाऊन झांज धरायची. बायको म्हणायची, “तुम्हाला गाड्यांच्या वेळा पाठ नाहीत, पण कोणते बुवा कुठं उभे आहेत ते पाठ.” त्या वर्षी नाईबुवा महाराजांच्या पुण्यतिथीला नाशिकच्या रेवाताईंना आणायचं, हे मीच उत्सव समितीच्या गळी उतरवलं होतं.

“बरं, मला सांगा,” रिक्षात बसताना रेवाताई म्हणाल्या, “उद्या उत्तररंगाला महाराजांचंच चरित्र लावीन म्हणते. पुण्यतिथीला दुसऱ्या कुणाची गोष्ट कशाला सांगायची? कोण सांगेल मला चरित्र?”

“कुणाचं?”

“अहो, महाराजांचं! कुठले, कुणाचे शिष्य, केलं काय? पत्रिकेवर नुसतं नाव छापलंय.”

 लहानपणापासून मी नाईबुवांच्या पादुकांवर डोकं ठेवत आलो होतो. पेपर सोपा जावा म्हणून ठेवलं, नोकरी लागावी म्हणून ठेवलं, लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून ठेवलं. पण महाराज कोण, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. नमस्कार करताना डोकं वाकलेलं असतं, त्यामुळे असेल.

“निरनिराळं सांगतात,” मी म्हणालो. “आमचे सलूनवाले म्हणतात, नाई म्हणजे ते आमच्या समाजाचे संत. उत्सवाचा पहिला हार त्यांचा असतो. कुणी म्हणतं, नाईकबुवांचं झालं नाईबुवा.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“माझी आई म्हणायची, ज्यांच्यात ‘मी’ नाही, ते नाहीबुवा. तिला अक्षरओळख नव्हती. पण मला तोच अर्थ आवडतो.”

रेवाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अर्थ चांगला आहे. पण अर्थावर आख्यान उभं राहत नाही. आख्यानाला माणूस लागतो.”

रिक्षा मुरलीधराच्या देवळापाशी थांबली, तर दारातच भांडण चाललं होतं. एका बाजूला देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष वामनशेठ दुसाने, गावातले मोठे सराफ. दुसऱ्या बाजूला सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाविस्कर बाई. भांडण नवं नव्हतं. आमचं वाचनालय देवळाच्या सभामंडपाला चिकटून असलेल्या एका लांबट खोलीत होतं. त्याच खोलीच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात महाराजांच्या खडावा होत्या. त्यामुळे भक्त पुस्तकांच्या कपाटांतून वाट काढत दर्शनाला येत, आणि बाविस्कर बाई टेबलावरून मान वर न करता म्हणत, “नमस्कार करा, नवस बोला, पण मनातल्या मनात. इथं लोक वाचतायत.”

आता ट्रस्टनं ठराव केला होता, की खोलीत महाराजांचं ध्यानमंदिर करायचं. फरशी, झुंबर, सगळं. खोली देवळाच्या मालकीची, त्यामुळे वाचनालयाला उठावं लागणार होतं. नगरपालिकेनं भाजीमंडईच्या माडीवरची जागा देऊ केली होती. तिथं पाण्याची टाकी गळत होती. पावसाळ्यात पुस्तकांचं तिथं काय झालं असतं ते सांगायला नको. उद्या कीर्तन झालं की वामनशेठ माइकवर ध्यानमंदिराची घोषणा करणार होते आणि परवा कपाटं हलणार होती.

मी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होतो आणि उत्सव समितीवरही होतो. दोन्हीकडचे लोक मला फितूर म्हणत.

“या या, ताई!” वामनशेठनी हात जोडले आणि माझ्याकडं वळले. “नेवे, तुमच्या या बाईंना जरा समजवा. महाराजांची खोली महाराजांना देतोय, तर म्हणतात देव कुठंही राहतो, पुस्तकांना वाळवी लागते. फार कडक आहे बुवा तुमची बाई!”

“खोली महाराजांची कशावरून?” बाविस्कर बाई.

“पादुका तिथं आहेत, यावरून!”

“माझी चप्पल रोज तुमच्या दुकानाबाहेर असते. दुकान माझं का?”

रेवाताई हसल्या आणि खोलीत शिरल्या. दारावर पाटी होती: ‘संस्थापक : कै. त्र्यंबक भिकाजी गरुड, वकील.’ ती वाचून त्यांनी विचारलं, “हे कोण?”

“आमचे देव,” बाविस्कर बाई म्हणाल्या. “हयातीत कधी देवळात पाऊल टाकलं नाही म्हणतात. वाचनालय मात्र काढलं ते देवळाला चिकटून. आणि वेळ ठेवली होती कीर्तनाची! जुन्या मंडळींकडून ऐकलंय. एरवी दाराला कुलूप आणि तिकडं टाळ सुरू झाले की इकडं वाचनालय उघडं. एवढा शिकलेला माणूस, पण गोंगाटात वाचायला कोण बसेल, हे कळलं नाही.”

रेवाताईंनी कोनाड्यातल्या खडावांना हात लावून नमस्कार केला. खडावा साध्या होत्या, अंगठ्याच्या खुंटीपाशी झिजलेल्या. त्यांच्या शेजारी एक मोठं लोखंडी कपाट भिंतीला टेकून होतं आणि कपाटाच्या मागं लाकडी चौकटीची कड दिसत होती.

“इथं खिडकी होती का?”

“असेल. माझ्या आधीपासून कपाट आहे. पलीकडं तुमचा सभामंडप.”

मला मंडपातली ती जागा माहीत होती. बायकांच्या बसायच्या बाजूला, बंद खिडकीखाली पाण्याचा रांजण ठेवायचा दगडी कट्टा होता. आमचे जुने झांजवाले पांडूकाका सांगायचे, पूर्वी कीर्तनात बायकांना तहान फार लागायची. एक उठली की दुसरी, दुसरी बसली की तिसरी. आख्यान रंगात आलं की तर रांजणापाशी रांगच.

“चरित्राचं कसं करू या, वामनशेठ?” रेवाताईंनी विचारलं.

“ते तुम्हीच बसवा की. तुमच्याकडं तयार असतीलच दोनचार.”

“म्हणजे दुसऱ्या संतांचा सदरा महाराजांच्या अंगात घालू? बाह्या लांब झाल्या तर?”

“लोकांना काय कळतंय!”

“मला कळेल ना,” रेवाताई शांतपणे म्हणाल्या. “नारदाच्या गादीवर उभं राहून मी थापा मारत नाही. गावात जुनं माणूस कोणी आहे का?”

वामनशेठनी कपाळाला हात लावला. “आमची आई आहे. गावात तिच्याएवढं जुनं कोणी उरलं नाही. पण तिला काय माहीत असणार? उभा जन्म चूल आणि मूल. तुमचं जेवण आमच्याकडंच आहे. बोला हवं तर.”

वामनशेठच्या आईला सगळं गाव आक्का म्हणायचं. पाठीतून वाकलेली, पण नजर मुंगसासारखी. पानं वाढली तेव्हा त्या माजघराच्या दारात पाटावर बसून होत्या. साथीदारांना ‘घ्या की अजून’, ‘तबला काय रिकाम्या पोटानं वाजतो?’ असं चाललं होतं. वामनशेठ पहिल्या भातावरच उठून दुकानात गेले, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मग रेवाताईंनी विषय काढला.

“आक्का, एक विचारू? नाईबुवा महाराजांना तुम्ही पाहिलंय?”

आक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

“तू ऊठ रे यशवंता. ओसरीवर जाऊन बस.”

“मी? आक्का, मला पण ऐकायचं—”

“बायकांचं बोलणं आहे.”

मी हात धुऊन ओसरीवर जाऊन बसलो, मागोमाग दोन्ही साथीदारही आले. आतून काही ऐकू येईना. मग एकदम हसू आलं. आधी आक्कांचं, दात नसलेलं, खसखसणारं, मागोमाग रेवाताईंचं. अशा दोघी हसत होत्या, की आत शाळेतल्या मुली बसल्यात असं वाटावं. मग हसणं थांबलं.  साथीदार माझ्याकडं पाहायला लागले, मी त्यांच्याकडं.

रेवाताई बाहेर आल्या तेव्हा चष्मा हातात होता आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

“मिळालं का चरित्र?” मी उठलोच.

“मिळालं.”

“काय आहे? नाथपंथी होते का? समाधी घेतली का?”

“उद्या ऐका. तुम्ही पुढच्या रांगेतले ना? आधी सांगितलं तर तुमचं तोंडच उद्या सगळं सांगून टाकेल.” त्या थांबल्या. “एक काम करा. वाचनालयातलं ते कपाट बाजूला घ्यायचं आणि खिडकी उघडेल अशी करून ठेवायची. बाईंना सांगा, उद्या कीर्तनाच्या वेळी वाचनालय उघडं ठेवा.”

“त्या नाही म्हणतील.”

“म्हणू देत,” रेवाताई म्हणाल्या आणि का कोण जाणे, पुन्हा हसत सुटल्या. “या गावात ‘नाही’ला फार मान आहे!”

बाविस्कर बाई नाही म्हणाल्याच. “परवा उठवणार आहात, ते आजच कपाट हलवायला सांगताय?” पण मी हात जोडले, तशा पदर खोचून पुस्तकं काढायला लागल्या. संध्याकाळभर आम्ही कपाट रिकामं केलं, ढकललं, बिजागऱ्यांना तेल दिलं. खिडकी करकरत उघडली तेव्हा समोर मंडप आणि खाली रांजणाचा रिकामा कट्टा. बाविस्कर बाईंनी खिडकीतून सहज हात बाहेर काढला, मग आत घेऊन बाजूच्या कोनाड्यात घातला. हात नेमका खडावांवर पडला.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “मंडपातूनसुद्धा हात पोचेल इथं.”

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा मंडप भरला. सलूनवाल्यांचा पहिला हार झाला, पादुकांना अभिषेक झाला. मी पुढच्या रांगेत झांज घेऊन बसलो. वामनशेठ कोशाचा फेटा बांधून गादीच्या अगदी समोर बसले होते. खिशातून घोषणेचा कागद डोकावत होता. आक्का बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून. आणि खिडकीच्या चौकटीत, आत टेबल ओढून घेऊन, बाविस्कर बाई. त्या कीर्तन ऐकायला बसल्या नव्हत्या, असं त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. त्या वाचनालय उघडं ठेवून बसल्या होत्या.

पूर्वरंग काय सांगू! विषय नामाचा. देवाला नाव आपण देतो, तो बिचारा हाक ऐकून येतो. नाव चुकलं तरी येतो, हाक खरी पाहिजे. पेटी भरून वाहत होती. रेवाताईंचा आवाज वरच्या पंचमावर स्थिरावला, की माझ्या अंगावर काटा यायचा. मग मध्यंतर झालं. रेवाताईंना बुक्का लावला, हार घातला, आणि त्या हार काढून पेटीवर ठेवून पदर खोचून उभ्या राहिल्या.

“आता आख्यान. ऐका बरं. याच करंजखेड्यात एक वकील होते. बुद्धी तल्लख, पण जिभेला एक खोड. कोणी काही मागो, काही म्हणो, उत्तर ठरलेलं. गावकरी गेले, म्हणाले, वकीलसाहेब, देवळाला वर्गणी द्या. वकील म्हणाले...” त्यांनी तबल्याकडं पाहिलं, तबल्यानं एक थाप दिली, “नाही बुवा!”

मंडप हसला.

“पुजारी गेले. म्हणाले, निदान आरतीला या. वकील म्हणाले—”

“नाही बुवा!” यावेळी पोरांनीच उत्तर दिलं.

“नातेवाईक म्हणाले, दुसरं लग्न करा.” “नाही बुवा!” “पक्षकार म्हणाला, जरा खोटं बोला, केस जिंकू.” “नाही बुवा!” “कोणी म्हणालं, देवाला हात तरी जोडा. तर वकील म्हणाले, नाही बुवा, आमची ओळख नाही!”

मी झांज धरली होती. आता तर रेवाताईंनी त्या दोन शब्दांनाच चाल लावली आणि सगळा मंडप ‘नाही बुवा, नाही बुवा’ म्हणून डुलायला लागला. वामनशेठही मांडीवर ताल धरून होते. एकदम रेवाताईंनी हात वर केला. पेटी थांबली.

“वकील रस्त्यानं निघाले की गावची पोरं मागं लागायची. ओरडायची...” त्यांनी बारीक आवाज काढला, “नाई बुवा आले! नाई बुवा आले!”

क्षणभर काही कळलं नाही. मग माझ्या हातातल्या झांजा नकळत एकमेकींवर पडल्या, आणि त्या शांततेत एवढ्या जोरात वाजल्या, की सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वामनशेठचा हात मांडीवर तसाच. मागून आमचे केशकर्तनालयवाले सखाराम उठून उभे राहिले.

“ताई! म्हणजे महाराज आमचे नव्हते?”

“तुमचेच हो. त्यांची दाढी कोण करत होतं?”

“आमचे आजोबा.”

“मग? पहिला हार तुमचाच.”

सखाराम समाधानानं खाली बसले. पण कुजबुज वाढली होती. वामनशेठ कडाडले, “ताई, ही थट्टा झाली! एका नास्तिक माणसाला आम्ही इतकी वर्षं—”

“आख्यान अर्ध्यात आहे, यजमान,” रेवाताई म्हणाल्या. “बसा.”

वामनशेठ बसले. नारदाच्या गादीवरून बसा म्हटलं, की आमच्याकडं कोणीही बसतं.

“वकिलांच्या घरात पुस्तकं होती. वाटलं, गावानं वाचावीत. पुरुष कुठंही जाऊन वाचतील, पण बायकांचं काय? त्या काळी घरातल्या सुनेला बाहेर पडायला एकच मोकळीक होती. सांगा कसली?”

“कीर्तनाची,” बायकांमधून कोणीतरी म्हणालं.

“कीर्तनाची! मग वकिलांनी काय केलं? देवळाला चिकटून खोली घेतली. भिंतीत एक खिडकी पाडली, बायकांच्या बाजूला. खिडकीखाली पाण्याचा रांजण ठेवला. इकडं कीर्तन सुरू झालं, की तिकडं वकील खडावा घालून खिडकीत उभे. सून पाणी प्यायला उठायची, मागचं पुस्तक खिडकीतून आत जायचं, नवं पदराखाली यायचं. सासूला वाटायचं, पोरीला तहान लागली.” रेवाताई थांबल्या. “खोटं नव्हतं ते. लागलीच होती.”

मला पांडूकाका आठवले. रांजणापाशी रांग.

“वकिलांनी जन्मात एक कीर्तन धड ऐकलं नाही. पण कीर्तन लांबलं की त्यांना इतका आनंद व्हायचा! बुवांना निरोप पाठवायचे, जरा लांबवा, बऱ्याचजणींचं निवडून व्हायचंय. आणि खिडकीतून कोणी हळूच विचारलं, पुस्तक मिळेल का, तर त्या एका ठिकाणी, बरं का मंडळी, त्या एका ठिकाणी त्यांनी आपले ठरलेले दोन शब्द कधी उच्चारले नाहीत. नसलं पुस्तक, तर म्हणायचे, आणतो.”

पेटीनं एकच सूर धरला होता. बाविस्कर बाई खिडकीत उभ्या राहिल्या होत्या.

“एक दिवस वकील गेले. पुरुष घरी भेटून आले. बायका कशा जाणार? कोणत्या नात्यानं? पुढच्या कीर्तनाला एक सून पाणी प्यायला उठली. खिडकीत कोणी नव्हतं. तिनं आत हात घातला, कोनाड्यात त्यांच्या खडावा हाताला लागल्या. तिनं वेणीतलं फूल काढलं आणि त्यावर ठेवलं. मागून दुसरी आली, तिनंही ठेवलं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा. सासवांनी फुलं पाहिली, विचारलं, हे कुणाचं गं? काय सांगणार! म्हणाल्या, नाईबुवांचं. सासवांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांची ही पुण्यतिथी. आता ते पहिलं फूल कोणी ठेवलं, ते मी सांगणार नाही. तिनं मला शपथ घातलीय.”

“सांग गं आता,” खांबापासून आवाज आला. “किती दिवस राहिलेत माझे!”

आक्का खांब धरून उठत होत्या.

वामनशेठ गर्रकन वळले. “आई? तू?”

“मग काय तुझे वडील?”

सगळा मंडप फुटला. वामनशेठचा फेटासुद्धा हलला.

“अगं, पण तू मला कधी बोलली नाहीस!”

“तू विचारलंस कधी? तू ठराव केलेस.” आक्का दम खाऊन म्हणाल्या, “आणि तुम्ही सगळे नमस्कार करत होतात, ते मी कशाला मोडू? करण्याजोगाच होता माणूस.”

त्यावर कोणी हसलं नाही. मी खाली मान घातली. माझी आई त्या कोनाड्यापुढं वाकायची ते दिसत होतं. तिला अक्षर येत नव्हतं. ती खिडकीशी कधी गेली नसेल. पण ज्याच्यापुढं ती वाकत होती, तो तिच्यासारख्यांचीच वाट बघत उभा असायचा.

रेवाताईंनी पदर सारखा केला. “यजमान, प्रथा आहे, कीर्तन झालं की बिदागी. मला शाल नको, पाकीट नको. फक्त उत्तर द्या. उद्या इथली पुस्तकं हलवायची का?”

वामनशेठ उठले. समोर ट्रस्टची मंडळी, डाव्या बाजूला आई, हातात घोषणेचा कागद. त्यांनी एकदा ट्रस्टींकडं पाहिलं, एकदा आईकडं. घाम पुसला. सुटका करून घ्यायच्या बेतात होते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“आता हे असं आहे... मला एकट्याला तर नाही बुवा—”

पुढं काय बोलायचं होतं ते कोणी बोलूच दिलं नाही. ‘बुवा’ तोंडातून निघाला मात्र, पोरं उसळली, बायका उसळल्या, सखाराम तर बाकावर चढले. “नाईबुवा महाराज की जय!” मी झांज अशी वाजवली की तिची दोरी तुटली. वामनशेठ हात हलवून सांगत होते, अहो, ऐका, ऐका. पण जयजयकारात त्यांचं कोण ऐकतं! ट्रस्टींनीसुद्धा शेवटी हात जोडले.

पुढं कित्येक वर्षं वामनशेठ मला दुकानात बसवून चहा पाजत आणि सांगत, “नेवे, माझं वाक्य पुरं झालं नव्हतं. मी म्हणणार होतो, एकट्याला नाही बुवा ठरवता येत.” मी म्हणायचो, “मग पुरं करायचं होतंत.” ते म्हणायचे, “त्या गर्दीत?” मग थोडं थांबून, “आईसमोर?” झुंबर त्यांनी वाचनालयातच लावलं. बाविस्कर बाई शेवटपर्यंत कुरकुरत राहिल्या, की त्याचा उजेड डोळ्यांवर येतो. पण दर पुण्यतिथीला ती खिडकी मात्र त्या स्वतः उघडत, आणि कीर्तन संपत आलं की बुवांना चिठ्ठी पाठवत: जरा लांबवा.

पण मला सांगायचं होतं ते त्या संध्याकाळचं. आरती झाली, बत्तासे वाटले, माणसं पांगत होती. मी तुटलेली दोरी गाठवत बसलो होतो. पाहिलं, तर आक्का हळूहळू खिडकीकडं चालल्या होत्या. रांजणाच्या कट्ट्याला हात टेकून त्या उभ्या राहिल्या आणि काही न बोलता त्यांनी खिडकीतून हात आत घातला.

बाविस्कर बाई आयुष्यभर ओळखपत्राशिवाय पुस्तक न देणाऱ्या. माझ्याकडून, कार्यकारिणीच्या सभासदाकडून, त्या दर वेळी सही घेत. त्यांनी नाव विचारलं नाही. मागं वळल्या, कपाटातून मोठ्या अक्षरांचं एक गोष्टीचं पुस्तक काढलं आणि आक्कांच्या हातावर ठेवलं.

आक्कांनी ते पटकन पदराखाली घेतलं.

“आक्का!” मी हसत ओरडलो. “आता कशाला लपवता? सगळ्या गावाला कळलं की!”

त्यांनी दचकून मागं पाहिलं. तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोल मेल्या,” त्या म्हणाल्या. “सासूबाई ऐकतील.”